१५८४ सालचं पोलिश पक्षी-पुस्तक वाचून संपवलं, त्याचा अनुभव (कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल)

९ नोव्हेंबर २०२४ ला रात्री साडेअकराला शेवटचं पान संपलं. सुरुवात केली होती १२ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे तीन दिवस कमी दोन वर्षं. मध्ये तीन-चार महिने पूर्ण बंद पण होतं. मी काही भाषेची अभ्यासक नाही, पोलंडमध्ये व्रोत्सवाफ शहरात एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते, मूळची सोलापूरकडची, आणि पक्षी बघायचं वेड आहे एवढंच. सुरू करताना गुगलवर खूप शोधलं की माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने जुनं पोलिश पुस्तक कसं वाचायला घ्यायचं, पण सगळं प्राध्यापक लोकांनी प्राध्यापक लोकांसाठी लिहिलेलं. म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

आधी माणूस कोण ते सांगते. मातेउश त्सिगान्स्की, सोळाव्या शतकातला पोलिश श्लाख्ता, म्हणजे तिकडचा सरदार-जमीनदार वर्ग. १५८४ मध्ये क्राकोवला त्याचं ‘मिश्लिस्त्वो प्ताशे’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. नावाचा अर्थ पक्ष्यांची शिकार, आणि खाली लांबलचक उपशीर्षक, की यात हरतऱ्हेचा पक्षी कसा पकडायचा ते सांगितलंय. पोलिश भाषेत पक्ष्यांवर इतकं तपशिलात लिहिणाऱ्या पहिल्या काही माणसांत तो येतो. त्या काळात युरोपात विद्वान लोक असलं सगळं लॅटिनमध्ये लिहायचे, आणि या माणसाने ते आपल्या गावच्या भाषेत लिहिलं, रानात फिरणाऱ्याला कळेल असं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून या गोष्टीचं मोल आपल्याला माहितीये, त्यामुळे मला तो तिथेच आवडला.

मला तो कसा सापडला तर पोलिशच्या क्लासमुळे. लाँग-टर्म रेसिडन्ससाठी बी-वन लेव्हलचं सर्टिफिकेट लागतं, त्याची तयारी चालू होती, आणि आमच्या बाई (तासाला ९० झ्लोती, म्हणजे तिकडचं चलन, घ्यायच्या, शिकवायच्या मात्र जीव ओतून) म्हणाल्या की पानी (पोलिशमध्ये ‘बाई’), तुम्हाला जे आवडतं त्यावर वाचा, पाठ्यपुस्तकातल्या हॉटेल बुकिंगच्या संवादांनी भाषा येत नाही. मी म्हटलं मला पक्षी आवडतात. त्यांनी बाकीच्या नावांबरोबर हे पण नाव वहीत लिहून दिलं आणि हसून म्हणाल्या, हे मात्र खूप पुढचं आहे हां. आडनाव ऐकून मला वाटलं हा जिप्सी लोकांपैकी कुणी असेल, कारण त्सिगान म्हणजे तेच. तर बाई म्हणाल्या की आडनावाच्या शेवटी -स्की आलं की बहुतेक वेळा ते गावावरून आलेलं असतं. म्हणजे आपलं -कर. सातारकर, पंढरपूरकर तसा त्सिगान्स्की. त्यानंतर तो मला परका वाटलाच नाही.

पहिला टप्पा, पुस्तक मिळवणं. इथे एक चांगली बातमी: पोलंडच्या नॅशनल लायब्ररीची पोलोना म्हणून साइट आहे, जुन्या पुस्तकांचे स्कॅन फुकट बघता येतात, अकाउंट पण लागत नाही नुसतं बघायला. आणि १८४२ मध्ये वॉर्सामध्ये आंतोनी वागा नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने हे पुस्तक पुन्हा छापून आणलं. म्हणजे दोन दारं आहेत. माझा सल्ला, वागाच्या दारातून आत जा. १८४२ चा टाइप आपल्या ओळखीचा, अक्षरं साधी, आणि वागा स्वतः प्राण्यांमधला माणूस असल्यामुळे त्याने हे पुस्तक नुसतं जुनी भाषा म्हणून हाताळलेलं नाही. मी हे केलं नाही, मी थेट १५८४ उघडलं आणि पहिला महिना वाया गेला.

वाया म्हणजे काय तर अक्षरंच कळेनात. त्या काळी क्राकोवला पोलिश पुस्तकं ज्या टाइपात छापायचे त्याला श्वाबाखा म्हणतात, जर्मन वळणाचा, काळा, टोकदार. त्यात लांब एस आणि एफ जुळे भाऊ. जे च्या जागी आय, आय च्या जागी वाय. आ वर कधी तिरकी रेघ असते कधी नसते, मला वाटायचं छपाईची घाण आहे, पण ती मुद्दाम दिलेली असते, कारण त्या काळी पोलिशमध्ये दोन प्रकारचे आ होते, एक मोकळा आणि एक तोंड थोडं मिटून म्हटलेला, आणि रेघ मोकळ्याला. मोडी वाचायला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आमच्या घरात पणजोबांच्या जमिनीचा मोडीतला एक कागद आहे, आण्णा तो एकेक अक्षर वहीत उतरवून वाचायचे, तेच मी केलं. डिसेंबरमध्ये ३८ झ्लोतीला बारा पानांचे मोठे प्रिंट काढले, ४५ झ्लोतीचं भिंग घेतलं, आणि प्रत्येक अक्षराचे चार-पाच नमुने कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवले. तो पुठ्ठा टेबलासमोर भिंतीला लावला. तीन आठवड्यांनी पुठ्ठ्याकडे बघायची गरज संपली. स्क्रीनवर नुसतं झूम करून हे होत नाही, हाताने करा.

टिप म्हणून अजून एक: पानाच्या अगदी खाली कोपऱ्यात एक सुटा शब्द किंवा शब्दाचा तुकडा दिसला तर तो वाक्यात धरू नका. पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो तो, बांधणी करणाऱ्याला पानं ओळीत लावता यावीत म्हणून. मी दोन दिवस असल्या एका शब्दाचा वाक्यात अर्थ लावत बसले होते.

मग शब्द. दोन डिक्शनऱ्या लागतात. एक लिंदेची, सहा खंड, १८०७ ते १८१४ मध्ये वॉर्सात निघाली, स्कॅन मिळतात. दुसरी फक्त सोळाव्या शतकातल्या पोलिशची, १९६६ पासून खंड निघतायत आणि काम अजून चालूच आहे, ती ऑनलाइन पण आहे. आणि एक सावधगिरी, पक्षी पकडणाऱ्या माणसाला पोलिशमध्ये प्ताश्निक म्हणतात, पण आज हा शब्द नुसता गुगलमध्ये टाकला तर केसाळ मोठे कोळीच कोळी समोर येतात, कारण टॅरंटुला कोळ्याला पण हाच शब्द आहे. ज्यांना कोळ्यांची भीती वाटते त्यांनी शोधताना सोबत १६ वं शतक असं काहीतरी टाका.

जानेवारी ते मार्च २०२३ माझं वाचन मुंगीच्या पावलाने चाललं होतं, आठवड्याला एक पान, कधी अर्धं. आणि खरं सांगायचं तर मन पण लागत नव्हतं. मी दुर्बीण घेऊन पक्षी बघणारी बाई, आणि इथे पानापानावर जाळं कसं टाकायचं, फास कुठे लावायचा, भुलवायला कुठला पक्षी बांधायचा. रात्री वाचून झोपले की डोक्यात तेच यायचं. मार्चमध्ये मी बंद केलं. बाईंना सांगितलं पण की नाही होत माझ्याच्याने. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की मिश्लिस्त्वो या शब्दाकडे नीट बघा. मिश्ल म्हणजे विचार. शिकाऱ्याला पोलिशमध्ये मिश्लिव्ही म्हणतात, मुळात त्याचा अर्थ विचार करणारा, चतुर. हा शब्द मी रोज वाचत होते आणि मला दिसला नव्हता.

परत उघडलं ते जूनमध्ये, आणि यावेळी क्रमाने वाचायचं सोडलं. जे पक्षी मला माहिती आहेत ते आधी. श्पाक म्हणजे मैना-भोरडीच्या घरातला, विल्गा म्हणजे आपल्या हळद्याचा भाऊ, दुदेक म्हणजे हुदहुद, अगदी तोच जो आमच्या शाळेच्या मैदानावर चोच खुपसत फिरायचा. हे केल्यावर वेग एकदम वाढला, कारण पक्षी माहिती असला की वाक्य अर्धं आधीच कळलेलं असतं. तो कुठे बसतो, काय खातो, थव्याने असतो की एकटा. आणि तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की हा माणूस काय करतोय. पक्षी धरायचा तर तो कुठल्या महिन्यात कुठे येतो, पाण्यावर सकाळी येतो की संध्याकाळी, कुठल्या फळाला भुलतो, कुणाच्या हाकेला ओ देतो, हे सगळं माहिती पाहिजे, एक जरी चुकलं तरी हात रिकामा. म्हणजे तासन्तास बसून बघितल्याशिवाय यातली एक ओळ पण लिहिता येत नाही. मी रविवारी तळ्याकाठी जे करते तेच तो करत होता, त्याचा हेतू वेगळा, पण बसणं तेच.

आणि मग तो लेप. २ जुलै २०२३, रविवार, वहीत तारीख आहे. पक्षी पकडायच्या चिकट पदार्थाला पोलिशमध्ये लेप म्हणतात. लेप! मला आधी वाटलं चुकीचं वाचलं, परत पुठ्ठा काढला, एकेक अक्षर जुळवलं, ल, ए, प. युरोपात हा येमिओवाच्या, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या फळांपासून करायचे, फळं उकळून कुटून त्याचा तारेसारखा ओढला जाणारा चीक काढायचा आणि तो बारीक काड्यांना फासून झाडावर ठेवायचा, पक्षी बसला की पाय चिकटले. शब्द नुसता सारखा नाहीये, मुळापासून नात्यातला आहे, आपलं लिंपणे, लेप देणे आणि त्यांचं चिकटवणं हे एकाच जुन्या धातूचं. मी तशीच आण्णांना फोन लावला, तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. आण्णा रिटायर्ड प्राथमिक शिक्षक आहेत, लवकर झोपतात, पण उचलला. मी सांगितलं तर म्हणाले, “अगं मग आपल्याकडे वडाच्या चिकाचा करायचे की. आणि फासेपारध्यांचे फासे बघितलेत का तू? घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असायचे, तित्तराच्या वाटेवर ओळीने रोवायचे. तुझा तो माणूस काय वापरतो?”

माझा तो माणूस पण फासच वापरतो, पोलिशमध्ये शिद्वा म्हणतात, आणि तिकडे पण घोड्याचे केस वापरायचे. मी हे सांगितल्यावर आण्णा थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की मी लहान असताना एक पारधी होता, तो तोंडाने तित्तराची अशी हाक काढायचा की खरा तित्तर उत्तर द्यायचा. आणि त्यांनी फोनवर ती काढून दाखवली. मी बावीस वर्षं त्या घरात राहिले, हे मला कधीच माहिती नव्हतं.

तित्तरावरून पण एक सांगते. पोलिशमध्ये चेत्शेव म्हणून एक काळा रानकोंबडा आहे, एप्रिलमध्ये पहाटे दलदलीच्या मैदानात नर जमून नाचतात. भाषेचे जाणकार या शब्दाचं नातं थेट संस्कृत तित्तिरीशी लावतात, दोन्ही पक्ष्याच्या आवाजावरून पडलेली नावं. पक्षी वेगवेगळे आहेत, पण हाक मारून हाक घेणारे दोन्ही. आता मी ते पान उघडलं की मला आण्णांचा आवाज ऐकू येतो, काय करणार.

आता कागदपत्रांचा भाग, कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मला एकदा तरी मूळ १५८४ ची प्रत हातात घ्यायची होती. एका मोठ्या ग्रंथालयाला (नाव देत नाही) ऑगस्ट २०२३ मध्ये ईमेल केला. उत्तर आलं की आधी वाचक कार्ड काढा, त्याला पासपोर्ट आणि इथला पत्ता दाखवणारा कागद. माझं रेसिडन्स कार्ड तेव्हा रिन्यूला गेलेलं, पासपोर्टमध्ये नुसता शिक्का, तो शिक्का काउंटरवरच्या बाईंना मान्य होईना. दोन चकरा, प्रत्येक वेळी ट्रेनचे जाऊन-येऊन १३० च्या आसपास झ्लोती आणि एक सुट्टी. शेवटी भाड्याचा करारनामा, घरमालकाची सही आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा दाखला असे तीन कागद नेले तेव्हा कार्ड झालं, ऑक्टोबरमध्ये. टिप: पत्ता नोंदवल्याचा दाखला आधीच काढून ठेवा, तो सगळीकडे चालतो.

कार्ड झालं म्हणजे पुस्तक मिळालं असं नाही. जुन्या दुर्मिळ पुस्तकांचा नियम असा की स्कॅन उपलब्ध असेल तर मूळ प्रत शक्यतो देत नाहीत, कागद जपायला, आणि हा नियम बरोबरच आहे. मूळ प्रत का पाहिजे ते लिहून द्यावं लागतं. माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं की मला बघायची खूप इच्छा आहे. नामंजूर. वाईट वाटलं, दोन दिवस गप्प होते. दुसऱ्या अर्जात नेमकं लिहिलं: अमुक पानांवरची अमुक अक्षरं स्कॅनमध्ये बांधणीच्या घडीत गेलीत, ती तपासायची आहेत, दोन तास पुरे. सोबत बाईंनी ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून चार ओळींचं पत्र आणून दिलं. अर्ज जानेवारी २०२४ मध्ये दिला, होकार १९ मार्चला आला, आणि तारीख मिळाली ११ एप्रिल. तेव्हा कुणी अर्ज करणार असेल तर इच्छा नका लिहू, काम लिहा.

११ एप्रिलला सकाळी दहाला पोचले. बॅग, जॅकेट, पेन, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल आणि सुटे कागद. हात धुवून यायला सांगितलं, हातमोजे नाही, स्वच्छ कोरडे हात. मग तिथल्या ग्रंथालयाच्या बाईंनी फोमच्या दोन उतरत्या ठोकळ्यांवर पुस्तक ठेवलं आणि पान धरून ठेवायला कापडाची एक जड दोरी दिली, आत शिशाचे मणी असतात. मी पहिलं पान उलटलं तेव्हा जो आवाज आला तो आजच्या कागदाचा नाहीच, जाड, थोडा कडक, सुती खळ दिलेल्या कापडासारखा. आणि खरंच तो कापडाचाच कागद, त्या काळी जुन्या चिंध्या कुजवून कागद करायचे. उजेडाला आडवं धरून बघितलं तर प्रत्येक अक्षर कागदात खोल दाबलेलं दिसतं, बोटाला मागच्या बाजूने कळतं. एका पानावर वाळवीसारख्या किड्याने टाचणीएवढं भोक पाडलेलं आणि ते पुढच्या सात पानांतून आरपार गेलेलं, प्रत्येक पानावर वेगळ्या शब्दाचा एकेक तुकडा खाऊन. स्कॅनमध्ये मी ज्याला ठिपका समजून वाचलं होतं ते हे भोक होतं, तिथली दोन अक्षरं दुरुस्त केली. समासात कुणीतरी फिक्या तपकिरी शाईने एक छोटीशी रेघ ओढलेली. कुणी ओढली, कधी, काय आवडलं असेल त्याला. दोन तास कधी संपले कळलं नाही. बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

त्याच आठवड्यात मी सालांचा एक तक्ता केला, तो तुम्ही पण करा, माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. १५८४ म्हणजे स्तेफान बातोरी राजा, त्यांच्याकडे राजा श्लाख्ता लोक मत देऊन निवडायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिशचा मोठा कवी यान कोखानोव्स्की लुब्लिनला वारला. जंगलात तेव्हा तूर होता, तो रानटी बैल, ज्यातली जगातली शेवटची गाय १६२७ मध्ये याक्तोरूव्हच्या जंगलात मेली. म्हणजे त्सिगान्स्की ज्या देशात जाळं घेऊन फिरत होता तिथे तूर अजून चरत होते. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला ४६ वर्षं होती. आणि आज त्याच्या पुस्तकातलं लेप, फास, जाळी हे सगळं युरोपियन युनियनमध्ये १९७९ च्या पक्षी-संरक्षण कायद्याने बंद आहे, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. बंद झालं ते योग्यच झालं, मी त्या बाजूची आहे आणि राहणार. पण पारधी माणसाकडचं ते ज्ञान आपल्याकडे कुणी १५८४ मध्ये लिहून घेतलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आण्णांना ती हाक येते ती कुणाच्या वहीत नाही. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून आणली, तीन वेळा काढायला लावली त्यांना.

खर्चाचा हिशेब विचाराल तर शिकवणीचे बारा जादाचे तास धरून साधारण १७०० झ्लोती गेले, त्यातले हजारच्या वर शिकवणीचे, पाचशेच्या आसपास प्रवासाचे. पुस्तक स्वतः फुकट. बी-वन परीक्षा पण मधल्या मध्ये पास झाले, पण त्यात या पुस्तकाचा काही उपयोग नाही हे सांगून ठेवते, परीक्षेत कुणी फास विचारत नाही.

सगळं वाचून एक पक्षी मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, द्रोप. युरोपातला माळढोक. मोठा, जड, गवताळ माळावर राहणारा, माणूस लांबून दिसला की चालायला लागणारा. त्सिगान्स्कीच्या काळी तो धरायचा पक्षी होता, म्हणजे धरण्याइतका होता. पोलंडमधून तो १९८० च्या दशकात संपला. ९ नोव्हेंबरच्या रात्री ते वाचून झालं आणि सकाळी आण्णांना फोन केला, की आण्णा, त्यांच्याकडे पण माळढोक होता. नान्नजचं अभयारण्य आमच्या घरापासून लांब नाही, लहानपणी त्यांनीच मला सायकलवर नेऊन दाखवला होता, गवतात मान उंच करून उभा असलेला एक नर.

आण्णा म्हणाले, “कसा धरायचे गं तो?”

मी वाचून दाखवलं, ओळ ओळ मराठीत करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “परत वाच, ते चालण्याचं काय लिहिलंय ते.”